शिक्का आणि मुदत

परदेशच्या प्रवासांत मनुष्याची विद्या, वय आणि प्रतिष्ठा यांपैकीं कशालाहि फारशी किंमत नसते. किंमत असते ती पासपोर्टाच्या एका पानावर उमटलेल्या पुसट शाईच्या शिक्क्याला. हें सत्य मला पुस्तकांतून ठाऊक होतें. अनुभवानें पटलें तें कांहीं वर्षांपूर्वीं. एका विद्वत्परिषदेसाठीं व तेथील ग्रंथालयांत थोडें काम करण्यासाठीं मी व माझे एक सहाध्यापक असे दोघे एकाच विमानानें परदेशीं गेलों. उतरल्यावर तपासणीच्या दोन रांगा होत्या. एकींत ते उभे राहिले, दुसरींत मी. दोघांची निमंत्रणपत्रें सारखीं, दोघांचें प्रयोजन एकच. तथापि माझ्या पानावर नव्वद दिवसांची मुदत पडली व त्यांच्या पानावर तीस दिवसांची. माझा शिक्का पाहून त्यांनीं आपलाहि तसाच असेल असें धरून चालले, आणि चौतिसाव्या दिवशीं परततांना त्यांना चार दिवसांचा दंड भरावा लागला. अधिकारी सौजन्यानेंच बोलला. तो म्हणाला, “शिक्का वाचून पाहणें हें प्रवाशाचें काम आहे.” दंडाची रक्कम क्षुल्लक होती, परंतु ज्या गृहस्थांनीं उभ्या आयुष्यांत ग्रंथालयाचें पुस्तकसुद्धां मुदतीबाहेर ठेविलें नाहीं, ते परतीच्या सबंध प्रवासांत एक शब्दहि बोलले नाहींत.

या लहानशा प्रसंगावरून जो प्रश्न माझ्या मनांत उभा राहिला, तो लहान नाहीं. शिक्का मारतो राज्याचा नोकर; मुदत ठरवितो तोच; आणि त्या मुदतीच्या विसंगतीचें प्रायश्चित्त मात्र घेतो तो प्रवासी. हें न्यायाचें आहे काय? आमच्या मित्रांचा प्रश्न चार दिवसांच्या दंडावर मिटला. परंतु आपल्याच देशाच्या इतिहासांत एक काळ असा येऊन गेला कीं, कागदावर कोणता शिक्का पडला आणि किती दिवसांचा पडला यावर मनुष्याचें घरदार, त्याचें नागरिकत्व आणि त्याच्या बायकामुलांची संगत अवलंबून राहिली. त्या काळाचा थोडा परामर्श घेण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

राज्याच्या सीमेवर मुद्रा पाहण्याची चाल आपणांकडे नवी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील दुसऱ्या अधिकरणांत मुद्राध्यक्ष नांवाच्या अधिकाऱ्याचें प्रकरण आहे. त्यानें एक माषक घेऊन मुद्रा द्यावी. ज्याच्याजवळ मुद्रा असेल त्यासच जनपदांत येण्याचा किंवा जनपदाबाहेर जाण्याचा अधिकार असावा. जनपदांतील मनुष्य मुद्रेवांचून आढळला तर त्यास बारा पण दंड करावा. खोटी मुद्रा वापरली तर पूर्वसाहसदंड, आणि तसें करणारा परदेशी असेल तर उत्तमसाहसदंड, अशी ती व्यवस्था आहे. परदेशीयास दंड अधिक, हा भेद तेथेंहि आहेच. परंतु दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. एक ही कीं, मुद्रेचें मोल आणि दंडाचें मान हीं दोन्ही आधीं ठरलेलीं व सांगितलेलीं आहेत. तीं त्या त्या अधिकाऱ्याच्या लहरीवर सोडलेलीं नाहींत. दुसरी ही कीं, मुद्रा येण्याजाण्याची आहे. राहण्याच्या दिवसांचा हिशेब त्या प्रकरणांत नाहीं. मनुष्यानें परक्या देशांत किती दिवस राहावें याची तारीखवार मोजणी करणें हा उद्योग बव्हंशीं अर्वाचीन राज्यसंस्थेचा आहे, आणि त्याला खरा जोर आला तो पहिल्या महायुद्धानंतर.

हिंदुस्थानांत इंग्रज सरकारनें १९२० सालीं देशांत प्रवेश करणाऱ्यांच्या पासपोर्टासंबंधीं कायदा केला, १९३९ सालीं परकीयांच्या नोंदणीचा केला, आणि १९४६ सालीं परकीयांसंबंधींचा मुख्य कायदा केला. परकीयानें कोठें राहावें, किती दिवस राहावें व केव्हां निघून जावें हें ठरविण्याचे अधिकार या शेवटच्या कायद्यानें सरकारास मिळाले. मात्र त्यांत ‘परकीय’ या शब्दाची जी व्याख्या होती तींत ब्रिटिश प्रजाजनांचा समावेश होत नव्हता. १९४६ सालीं ती व्याख्या कोणासहि चमत्कारिक वाटली नसेल. लाहोरचा मनुष्य काय किंवा नागपूरचा काय, दोघेहि एकाच राजाचे प्रजाजन. पुढच्याच वर्षीं देशाचे दोन भाग झाले. तरीहि त्या व्याख्येप्रमाणें पाकिस्तानांतून येणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीनें परका ठरत नव्हता. हा गुंता पुढें चौदा वर्षें कोर्टांपर्यंत पोंचत राहिला.

मुंबईकरांस तर कराची परकी वाटण्याचें कांहींच कारण नव्हतें. १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध प्रांत मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीचें सुप्रसिद्ध नारायण जगन्नाथ हायस्कूल हें नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणखात्यांतील मराठी अधिकाऱ्याच्या नांवानें आजहि ओळखलें जातें. तेथील कॉलेजाच्या विद्यार्थ्यांस पदवी मिळे ती मुंबई विद्यापीठाची. नोकरीनिमित्त, व्यापारानिमित्त गेलेलीं मराठी कुटुंबें तेथें पिढ्यान्‌पिढ्या नांदत होतीं. मुंबईच्या बंदरांत आगबोटींत बसावें व कराचीस उतरावें, यांत परदेशगमनाची भावना कोणाच्या मनाला शिवत नसे. १९४८ च्या जानेवारींत कराचींत दंगल झाली आणि त्याच आगबोटींतून सिंधी हिंदु निर्वासितांचे लोंढे मुंबईस येऊं लागले. कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी बराकींत त्यांची वसाहत झाली. तेंच १९४९ सालापासून उल्हासनगर होय.

त्याच सुमारास उत्तरेकडे उलट दिशेचाहि एक प्रवाह सुरू झाला होता. १९४७ च्या कत्तलींत जीव मुठींत धरून दिल्ली व संयुक्त प्रांत येथून पाकिस्तानांत गेलेले पुष्कळ मुसलमान, दंगे शमल्यावर, आपल्या घराच्या ओढीनें परत येऊं लागले. परंतु तीं घरें आतां रिकामीं नव्हतीं. पंजाबांतून सर्वस्व गमावून आलेलीं हिंदु व शीख कुटुंबें त्यांत राहत होतीं. परत आलेल्यास घर द्यावें तर निर्वासितास पुन्हां रस्त्यावर काढावें लागणार. न द्यावें तर ज्याचें घर आहे तोच बेघर होणार. सरकारची अडचण खरी होती, हें कोणाहि निःपक्षपाती मनुष्यास कबूल करावें लागेल.

त्या अडचणींतून सरकारनें मार्ग काढला तो कागदाचा. १९४८ च्या जुलैंत वटहुकूम निघाला व १९ जुलैपासून पश्चिम पाकिस्तानांतून येणारास परमिट आवश्यक झालें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत पाकिस्ताननेंहि आपल्या बाजूनें तसाच निर्बंध घातला. परमिटें एकाच प्रकारचीं नव्हतीं. तात्पुरत्या भेटीचें निराळें, वारंवार येजा करणाऱ्या व्यापाऱ्याचें निराळें, आणि कायमच्या वास्तव्यासाठीं परत येणाराचें निराळें. वरवर पाहतां ही व्यवस्था सुटसुटीत दिसते. परंतु जो मनुष्य कराचीच्या भारतीय हायकमिशनरच्या कचेरीपुढें रांगेंत उभा होता, त्याच्या दृष्टीनें तिचा अर्थ काय झाला तें पाहण्यासारखें आहे.

कायमच्या वास्तव्याचें परमिट मिळविणें फार कठीण होतें. त्यासाठीं ज्या प्रांतांत जावयाचें तेथील सरकारची संमति लागे. तात्पुरतें परमिट त्या मानानें लवकर मिळे. घरीं आई आजारी आहे, बायकामुलें मागें राहिलीं आहेत, दुकानाला कुलूप आहे. अशा स्थितींत पुष्कळांनीं मिळेल तें परमिट घेतलें व ते आले. आंत आल्यावर कायमची परवानगी मिळवूं, असा त्यांचा भोळा हिशेब. परंतु तात्पुरत्या भेटीचें परमिट घेणें म्हणजे आपलें घर तिकडे असून आपण इकडे केवळ पाहुणे आहों, अशी स्वमुखानें दिलेली कबुलीच होय, असा अर्थ त्या कागदांतून निघूं लागला. ज्या घरांत जन्म झाला त्याच घरांत मनुष्य पाहुणा ठरला. आणि मुदत संपल्यावर तेथेंच राहिला तर गुन्हेगार ठरला. इकडे त्याची मालमत्ता ‘निष्क्रान्ताची’ म्हणून कस्टोडियनाच्या ताब्यांत जावयाची, आणि ती सोडविण्यास गेला तर हातांतलें परमिटच त्याच्याविरुद्ध साक्ष देई.

हा विषय घटना समितीपुढें आला तो १९४९ च्या ऑगस्टांत. नागरिकत्वाच्या कलमांनीं मसुदा समितीस फार डोकेदुखी दिली, असें डॉ. आंबेडकरांनीं त्या वेळीं मोकळेपणानें सांगितलें. आपल्या विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख यांचा आक्षेप तर असा होता कीं, या कलमांनीं भारताचें नागरिकत्व जगांत सर्वांत स्वस्त होईल. अखेरीस जें ठरलें तें घटनेच्या सहाव्या व सातव्या कलमांत आहे. परमिटाची पद्धति ज्या दिवशीं सुरू झाली तो १९ जुलै १९४८ हा दिवस घटनेंतच सीमारेषा म्हणून कोरला गेला. त्यापूर्वीं पाकिस्तानांतून येऊन येथें स्थायिक झालेले एका नियमानें नागरिक. त्यानंतर आलेल्यांस सहा महिने राहून नोंदणी करून घेणें प्राप्त. आणि जे १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानांत निघून गेले ते नागरिक नव्हेत. अपवाद फक्त कायमच्या वास्तव्याचें परमिट घेऊन परत आलेल्यांचा.

या अपवादावर सभागृहांत कडक टीका झाली. एकदां देश सोडून गेलेल्यास परत कां घ्यावें, असा टीकाकारांचा रोख होता. त्यावर सरकारपक्षाच्या म्हणण्याचें सार असें होतें कीं, ज्याला आपण होऊन कायम परत येण्याचा परवाना दिला, त्याच्या बाबतींत दिलेला शब्द मागें घेतां येणार नाहीं. माझ्या मतें त्या सर्व चर्चेंतील हें सर्वांत मोलाचें तत्त्व होय. परमिट म्हणजे नुसता कागद नव्हे. राज्यानें दिलेला तो शब्द आहे. परंतु सभागृहांत मान्य झालेलें तत्त्व कचेरीच्या टेबलापर्यंत पोंचतेंच असें नाहीं. पुढील कोर्टाचे खटले पाहिले म्हणजे हें ध्यानीं येतें.

पहिला खटला बिहारांतील एका स्त्रीचा. ती १९४८ च्या जुलैंत कराचीस गेली. आपण वैद्यकीय उपचारांसाठीं गेलों असें तिचें म्हणणें. डिसेंबरांत ती तात्पुरत्या परमिटावर आली, व त्या वेळच्या अर्जांत तिनें आपण पाकिस्तानची रहिवासी असल्याचें लिहून दिलें. पुढें ती परत गेली, आणि कायमच्या वास्तव्याचें परमिट मिळवून १९५० च्या मे महिन्यांत पुन्हां आली. दोन महिन्यांनीं, जुलैंत, तें परमिट रद्द झालें. कारण काय, तर नियमाप्रमाणें बिहार सरकारची संमति घ्यावयास हवी होती ती न घेतां तें दिलें गेलें! तिची मालमत्ता कस्टोडियनानें ताब्यांत घेतली. १९५५ सालीं सुप्रीम कोर्टानें निकाल दिला तो तिच्याविरुद्ध. ती भारताची नागरिक नाहीं असें ठरलें. कायद्याच्या अन्वयार्थासंबंधीं त्या विद्वान्‌ न्यायाधीशांशीं वाद घालण्याचा माझा अधिकार नाहीं. तिच्या वर्तनांतहि विसंगति होती हें उघड आहे. परंतु एक गोष्ट सामान्य बुद्धीस खुपल्यावांचून राहत नाहीं. संमति घेणें हें काम कचेरीचें. तें राहिलें कचेरीकडून. त्याचें फळ मात्र परमिट हातांत घेऊन आलेल्या मनुष्यास भोगावें लागलें.

दुसरा खटला मुंबई सरकारविरुद्धचा. १९४८ च्या वटहुकमाची जागा १९४९ च्या कायद्यानें घेतली होती. त्याच्या सातव्या कलमान्वयें, परमिटाच्या नियमांचा भंग ज्यानें केला, किंवा केला असा वाजवी संशय ज्याच्यावर आहे, त्यास देशाबाहेर काढण्याचा हुकूम सरकारास देतां येत असे. म्हणजे भारताचा नागरिक असला तरी केवळ संशयावरून, आपली बाजू मांडण्याची संधि न मिळतां, त्याची हकालपट्टी होऊं शकत होती. १९५४ सालीं सुप्रीम कोर्टानें बहुमतानें निर्णय दिला कीं, नागरिकास लागू करावयाचें तर हें कलम अवैध आहे. कारण देशांत कोठेंहि राहण्याचा व स्थायिक होण्याचा नागरिकाचा मूलभूत हक्क त्यानें नष्ट होतो. परमिट नसणें हा अपराध असूं शकेल. त्याबद्दल शिक्षाहि होऊं शकेल. परंतु नागरिकास स्वतःच्याच देशांतून हुसकून देणें ही त्या अपराधाची शिक्षा होऊं शकत नाहीं.

हा निकाल लागण्यापूर्वींच परमिटांची पद्धति बंद पडली होती. १५ ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांमध्यें पासपोर्ट व व्हिसा सुरू झाले, आणि आजवर मोकळी असलेली पूर्व बंगालची सरहद्दहि त्यांच्या कक्षेंत आली. आतां तरी गोंधळ संपेल असें वाटावें. परंतु तसें झालें नाहीं. तिसरा खटला याच काळांतला. ब्रिटिश हिंदुस्थानांतच जन्मलेला एक गृहस्थ १९५३ च्या मे महिन्यांत पाकिस्तानी पासपोर्टावर संयुक्त प्रांतांत, म्हणजे तेव्हांच्या उत्तर प्रदेशांत आला. तीन महिन्यांचा व्हिसा होता. मुदत नोव्हेंबरपर्यंत वाढवून मिळाली. त्यानंतरहि तो राहिला. त्याच्यावर परकीयांच्या कायद्याखालीं खटला झाला व शिक्षा झाली. १९६१ सालीं सुप्रीम कोर्टानें त्यास मुक्त केलें. कारण तो आला त्या वेळीं जी व्याख्या अंमलांत होती तिच्याप्रमाणें, जन्मानें ब्रिटिश प्रजाजन असल्यामुळें, तो परकीय नव्हताच! व्याख्या बदलली ती १९५७ सालीं. तेव्हां व्हिसावर लिहिलेल्या मुदतीस त्या कायद्याच्या हुकमाचें बळ नव्हतें. म्हणजे अनेक वर्षें पोलीस, कचेऱ्या व खालचीं कोर्टें ज्या शिक्क्याच्या आधारें माणसांस दोषी धरीत होतीं, त्या शिक्क्यामागें तो कायदा उभाच नव्हता.

या तीन खटल्यांतून तीन निरनिराळ्या गोष्टी निघतात. पहिल्यांत एका कचेरीचा शब्द दुसरीनें मोडला. दुसऱ्यांत शिक्षा अपराधाच्या मानानें अमर्याद होती. तिसऱ्यांत कायद्याचा पाया नसतांनाच मुदतीचा अंमल चालला. यावर कोणी असें म्हणेल कीं, फाळणीचा तो काळच विलक्षण. तशा काळांत कचेऱ्यांकडून निर्दोष कारभाराची अपेक्षा करणें व्यर्थ. मीहि हें अंशतः मान्य करतों. लक्षावधि माणसें एकाच वेळीं सरहद्द ओलांडीत असतां कारकुनाच्या हातून चुका होणें स्वाभाविक आहे. माझा आक्षेप चुकांवर नाहीं. त्या चुकांचा भार कोणावर पडला यावर आहे. संकटाच्या काळांत राज्याचे नियम घाईनें होतात, एक नियम दुसऱ्याशीं जुळत नाहीं, एका गांवचा अधिकारी एक सांगतो व दुसऱ्या गांवचा दुसरें. अशा वेळीं संशयाचा फायदा कोणास मिळावा? ज्याच्या हातीं शिक्का आहे त्यास, कीं ज्याच्या कागदावर तो पडला त्यास? फौजदारी न्यायांत आपण तो आरोपीस देतों. सरहद्दीवर मात्र तो बहुधा कचेरीस मिळतो.

हा प्रश्न केवळ इतिहासजमा झालेला नाहीं. १९२०, १९३९ व १९४६ चे ते जुने कायदे आतां गेले. त्यांच्या जागीं १९२५ नव्हे, तर तब्बल शंभर वर्षांनंतर, २०२५ सालीं एकच नवा कायदा आला व त्या वर्षाच्या सप्टेंबरापासून अंमलांत आला. अनेक कायद्यांचा एक झाला ही गोष्ट स्वागतार्ह आहे. त्याच वर्षाच्या एप्रिलांत पहलगाम येथें निरपराध प्रवाशांची हत्या झाली, आणि त्यानंतर भारत सरकारनें पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा रद्द करून त्यांस थोड्या दिवसांत निघून जाण्यास सांगितलें. अशा अमानुष कृत्यानंतर राज्यानें कठोर व्हावें हें समजण्यासारखें आहे. परंतु त्या दिवसांत अटारीच्या फाटकावर जीं दृश्यें दिसलीं, तीं १९४८ चा इतिहास वाचलेल्यास अनोळखी नव्हतीं. माता एका देशाच्या पासपोर्टावर, मुलें दुसऱ्या देशाच्या. एकाच घरांतील माणसें, आणि प्रत्येकाच्या कागदावर निराळा नियम.

राज्यानें आपल्या दारावर पहारा ठेवूं नये असें कोणीहि शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. मुद्राध्यक्ष कौटिल्यालाहि हवा होता. मागणें इतकेंच आहे कीं, पहारा एकवचनी असावा. एकाच प्रयोजनानें आलेल्या दोघांस एकच मुदत मिळावी. ती मुदत दिवसांच्या आंकड्यांत न सांगतां अखेरच्या तारखेनें, कोणासहि वाचतां येईल अशा अक्षरांत, पानावर लिहिली जावी. दंड किती याचा तक्ता दारावरच लावलेला असावा. आणि चूक कचेरीची असल्याचें दिसून आल्यास दंड प्रवाशावर न बसतां, झालेल्या चुकीची दुरुस्ती कचेरीनें आपल्या खर्चानें करावी. यांत औदार्याचा प्रश्न नाहीं. दिलेला शब्द पाळण्याचा आहे.

आमचे ते सहाध्यापक मित्र आतां सेवानिवृत्त झाले आहेत. गेल्या वर्षीं मुलाकडे परदेशीं गेले असतां, अधिकाऱ्यानें पासपोर्ट परत देतांच ते तेथेंच उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हां लावला आणि शिक्का अक्षर न्‌ अक्षर वाचून पाहिला. मागची रांग खोळंबली व अधिकारी किंचित्‌ त्रासला. तारीख नीट उमटली नव्हती. यांनीं ती दाखविली. त्यानें कांहीं न बोलतां दुसरा शिक्का मारून दिला. ही हकीकत सांगतांना त्यांच्या मुद्रेवर जें समाधान दिसलें, तें पाहून मला १९४८ सालीं कराचीच्या त्या रांगेंत उभ्या असलेल्या माणसांची आठवण झाली. त्यांच्या कागदावरचा शब्द चुकीचा पडला, तेव्हां तो बदलून मागण्याची सोय त्यांस नव्हती. आणि दुसरा शिक्का मारून देणारें कोणी नव्हतें.